क्लेअरच्या म्हातारीची खानेसुमारी

गोष्ट २०१६ सालची. सहामाहीचे पेपर तपासून हातावेगळे करीत मी शिक्षकांच्या खोलीत बसलो होतो. दिवाळीची सुट्टी लागायला दोनच दिवस उरले होते. इतक्यात शाळेचा गडी दारात आला आणि म्हणाला, “सर, एक गोऱ्या बाई आल्यात. म्हाताऱ्या आहेत. थडगं शोधतायत म्हणे.”

आमची शाळा पुण्याजवळच्या छावणीला लागून आहे. तिथे जुने गोऱ्यांचे कबरस्तान आहे, त्यामुळे असे पाहुणे दहा वर्षांतून एखादे येतात. इंग्रजी बोलणारा म्हणून त्यांना माझ्याकडे पाठवण्याची पद्धत पडली आहे. बाई मेलबर्नच्या. सत्तरीला टेकलेल्या, अंगाने किरकोळ, जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या. खांद्यावर कापडी पिशवी, आणि पिशवीत कागदांचे हे एवढे बाड. त्यांचे पणजोबा आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यातले. गोऱ्या पलटणीतून हिंदुस्थानात आले आणि १८८९ साली इथेच वारले.

कबरस्तानात आम्ही दोन तास हिंडलो. गुडघाभर गवत, मोडलेले क्रूस, घाणेरीची झुडपे. अंमलदारांच्या, त्यांच्या बायकांच्या, तान्ह्या मुलांच्या कबरींवर दगड होते. साध्या सोजिराच्या कबरीवर दगड असायचाच असे नाही, आणि यांच्या पणजोबांच्या नावाचा दगड काही सापडला नाही. बाईंना त्याचे फारसे वाईट वाटलेले दिसले नाही. “मला वाटलंच होतं,” एवढेच म्हणाल्या, आणि पाण्याची बाटली काढून दोन घोट घेतले.

मी त्यांना घरी घेऊन आलो. आईने चकलीचा पहिला घाणा नुकताच काढला होता. तिने पाहुणीपुढे बशी ठेवली आणि मला विचारले, “हिचं माहेर कुठलं रे?” मी ते इंग्रजीत सांगताच बाई मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, “आईंना सांगा, अकरा वर्षं मी तेच शोधते आहे.”

आता मी काही इतिहास-संशोधक नव्हे. शालान्त परीक्षेच्या पुढे माझी मजल गेली नाही, आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्याच्या हाती पुराव्याचा कागद देऊ नये असे आमचे मुख्याध्यापक थट्टेने म्हणतात. पण त्या दिवशी बाईंनी पिशवीतला एकेक कागद काढून आमच्या जाजमावर मांडला, आणि पुढे कित्येक महिने मी त्या देशाच्या दप्तराविषयी मिळेल ते वाचीत राहिलो. त्यातले काही वाचकांपुढे ठेवतो.

डब्लिन शहरात लिफी नदीच्या काठी फोर कोर्ट्‌स नावाची घुमटाची भव्य इमारत आहे. तिथे न्यायालये भरतात. १८६७ साली कायदा होऊन याच आवारात आयर्लंडचा सरकारी दप्तरखाना उभा राहिला. गावोगावची कागदपत्रे उंदीर, वाळवी आणि ओल यांपासून वाचावीत म्हणून ती तिथे आणून रचली गेली. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार खानेसुमाऱ्यांचे घरवार कागद, शेकडो वर्षांची मृत्युपत्रे, प्रॉटेस्टंट चर्चची बाप्तिस्मा-लग्नांची रजिस्टरे, सारे एका छपराखाली. १९१९ साली तिथले अधिकारी हर्बर्ट वुड यांनी या दप्तराची एक मार्गदर्शिका छापली. कोणत्या फडताळात काय आहे ते त्यात नीट लावून दिले होते.

पुढे तीनच वर्षांनी ती मार्गदर्शिका गमावलेल्या मालाची यादी होऊन बसली. इंग्लंडशी झालेला तह ज्यांना मान्य नव्हता त्यांनी एप्रिल १९२२ मध्ये फोर कोर्ट्‌सचा कबजा घेतला. २८ जूनला नव्या हंगामी सरकारच्या सैन्याने त्यांच्यावर तोफा डागल्या. तोफा उसन्या आणलेल्या होत्या, आणि त्याही इंग्रजांकडून! आदल्या वर्षापर्यंत खांद्याला खांदा लावून लढलेली माणसे समोरासमोर उभी होती. ३० जूनला प्रचंड स्फोट झाला, आग लागली आणि दप्तरखाना जळाला. जळक्या कागदांचे कपटे वाऱ्यावर उडत शहरभर पडत होते. कोणाच्या आज्याचे नाव कोणाच्या परसात जाऊन पडले असेल, देव जाणे.

पण सगळे खापर या आगीवर फोडता येत नाही. १८६१ आणि १८७१ च्या खानेसुमारीचे कागद सरकारनेच नष्ट करविले, आकडे काढून झाल्यावर कागदांचे काय काम म्हणून. १८८१ आणि १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करायला गेले. युद्धात घडते ते समजू शकतो. पण शांतपणे, सही-शिक्क्यानिशी, लाखो माणसांची नावे रद्दीत काढणारा कारकून डोळ्यांपुढे आणला की माझ्या अंगावर काटा येतो. शिवाय ही नावे साधीसुधी नव्हेत. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून जो भयंकर दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक माणसे देश सोडून गेली. १८४१ साली ८१ लाखांच्या वर असलेली वस्ती १८५१ साली ६५ लाखांवर आली. म्हणजे दुष्काळाआधी कोणत्या झोपडीत कोण राहत होते आणि दुष्काळानंतर कोण उरले होते, हे ज्या कागदांत शेजारीशेजारी वाचता आले असते, नेमके तेच गेले.

मग उरले काय? इथे दैवाने मोठी मौज केली आहे. जे सरकारला मोलाचे वाटले ते त्याने एका जागी गोळा केले, म्हणून ते जळाले. जे कोणी विचारातही घेतले नाही ते खेड्यापाड्यांत पडून राहिले, म्हणून वाचले. आयर्लंडातील बहुसंख्य लोक कॅथलिक. अठराव्या शतकात त्यांच्या धर्मावर कायद्याची जाचक बंधने होती. त्यांच्या चर्चची रजिस्टरे सरकारच्या लेखी नव्हतीच. ती राहिली गावच्या पाद्र्याच्या कपाटात. शहरांत ती अठराव्या शतकापासून सापडतात. पश्चिमेकडच्या गरीब मुलखात मात्र काही ठिकाणी १८३० च्या, १८४० च्या अलीकडेच सुरू होतात. अक्षर किडमिडे, शाई फिकी, आणि भाषा बहुधा लॅटिन. जेम्सचा तिथे जेकोबस होतो, विल्यमचा गुलियेल्मस. घरात त्याला आयरिश भाषेत तिसऱ्याच नावाने हाक मारीत असतील ते वेगळेच.

डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९५० आणि १९६० च्या दशकांत गावोगाव हिंडून या रजिस्टरांच्या फिल्मा घेतल्या, आणि २०१५ साली त्या सर्वांना फुकट पाहता येतील अशा इंटरनेटवर खुल्या केल्या. बाईंचा अकरा वर्षांचा अडलेला गाडा तेव्हा एकदम पुढे सरकला. त्या सांगत होत्या, “रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसायची. डोळ्यांतून पाणी यायचं. नातू म्हणायचा, आजी, झोप ना.”

या बाप्तिस्म्याच्या नोंदीतली एक गोष्ट मला फार आवडली. बाळाच्या नावापुढे बापाचे नाव असते, आईचे असते, आणि आईचे माहेरचे आडनावही बहुधा असते. शिवाय दोन धर्मपित्या-धर्ममातांची नावे, आणि ती बहुधा आत्या, मामा, काका यांची. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत मी आमच्या घराण्याच्या सात पिढ्या पाहिल्या आहेत. सातही पिढ्यांत पुरुषच पुरुष. माझ्या पणजीचे माहेर कुठले, हे आज आमच्या घरात कोणालाही सांगता येणार नाही. आईने त्या बाईंना पहिला प्रश्न नेमका तोच विचारला होता, हे मला मागाहून सुचले.

प्रॉटेस्टंटांची सुमारे हजार गावांची रजिस्टरे डब्लिनला जळाली. पण ज्या गावांनी ती स्वतःकडेच ठेवली त्यांची वाचली. याचे एक उदाहरण जगभर गाजले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या आईकडच्या पूर्वजांत फालमथ कर्नी नावाचा एक चांभाराचा मुलगा होता. १८५० साली, दुष्काळाच्या शेवटी शेवटी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो अमेरिकेला गेला. ऑफली परगण्यातल्या मनीगॉल या गावाशी त्याचा धागा जुळला तो २००७ साली, स्थानिक पाद्री स्टीफन नील यांनी जुनी रजिस्टरे चाळली तेव्हा. ओबामा मे २०११ मध्ये त्या चिमुकल्या गावी जाऊनही आले. ते रजिस्टर शहाण्यासारखे डब्लिनला पाठवले असते, तर राष्ट्राध्यक्षांना माहेर मिळाले नसते.

चर्चच्या जोडीला सरकारी नोंद. प्रॉटेस्टंटांची लग्ने १ एप्रिल १८४५ पासून आणि सर्वांचे जन्म, मृत्यू, लग्ने १ जानेवारी १८६४ पासून सरकारी रजिस्टरात चढू लागली. ही रजिस्टरे फोर कोर्ट्‌समध्ये नव्हती, म्हणून शाबूत राहिली. यांत लॅटिन नाही, अक्षर बरे, रकाने आखीव. नवख्याला वाटते, हीच खरी. बाई म्हणाल्या, तसे मुळीच नाही. यांच्या घरातल्या एका मुलीचा बाप्तिस्मा मार्चच्या पहिल्या आठवड्यात झालेला, आणि सरकारी रजिस्टरात तिचा जन्म मार्चच्या अखेरीस! म्हणजे जन्माआधीच बाप्तिस्मा. कारण उघड आहे. मुदतीत नोंद केली नाही तर दंड होता. शेतीची कामे आटोपून बाप नोंदणीच्या गावी जाईपर्यंत मुदत टळलेली असे. मग कारकुनासमोर तो जन्मतारीख पुढे ढकलून सांगे.

हे ऐकून मला हसू आले. बाईंनी कारण विचारले. मी त्यांना माझी जन्मतारीख सांगितली : १ जून. माझ्या वर्गातल्या अकरा मुलांची तीच, आमच्या शाळेच्या गड्याचीही तीच. आईबापांना तारीख आठवत नसे, शाळा जूनमध्ये उघडे, आणि नाव दाखल करणारे गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. माझा खरा जन्म थंडीतला. आई सांगते, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी होती. नोकरीला लागल्यावर पहिली काही वर्षे मीही आमच्या जनरल रजिस्टरात चार-पाच मुलांना १ जून देऊन टाकला आहे. आज त्याची लाज वाटते. शंभर वर्षांनी कोणी मेलबर्नहून आलेच, तर त्याला वाटेल, या छावणीत बायका एकाच दिवशी बाळंत होत होत्या की काय!

असो. आपला सोजीर १८५८ चा, म्हणजे सरकारी नोंदीच्या आधीचा. त्याच्या वाडीचे नाव बाईंकडे होते, पण कसे? आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकात कोण्या अडाण्याने कानाने ऐकून लिहिलेले. आयर्लंडात ‘टाउनलँड’ म्हणजे आपल्या वाडी-शिवारासारखा जमिनीचा लहानात लहान तुकडा. असे साठ हजारांहून अधिक आहेत, आणि एकच नाव पाच-दहा ठिकाणी सापडते. ‘किल’ म्हणजे चर्च, ‘नॉक’ म्हणजे टेकडी, ‘बॅली’ म्हणजे वस्ती. आता टेकडीजवळची वस्ती कुठे नसते? आपल्याकडे ‘पिंपळगाव’ एवढाच पत्ता घेऊन एखाद्याने घर शोधायला निघावे, तसे ते.

तिथे उपयोगी पडली ती रिचर्ड ग्रिफिथ यांची आकारणी. १८४७ ते १८६४ या काळात कर बसवण्यासाठी साऱ्या देशातील घरे-जमिनी मोजल्या गेल्या, आणि कुळाचे नाव, मालकाचे नाव, जमीन किती, आकार किती, हे सारे छापले गेले. छापल्यामुळे त्याच्या प्रती झाल्या, आणि प्रती झाल्यामुळे ते कोणत्याच आगीला भ्याले नाही. क्लेअरचे काम १८५५ चे. त्या नावाच्या वाड्यांपैकी एकाच वाडीत बाईंच्या पणजोबांचे आडनाव निघाले. त्या वाडीचे चर्च कोणते ते पाहून त्यांनी रजिस्टर उघडले. आईबापांची जोडी जुळली, आणि एकामागून एक आठ बाप्तिस्मे सापडले. दुसरा आपला सोजीर.

आता या सोजिराच्या आईकडे वळतो, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. १९०१ आणि १९११ या दोन खानेसुमाऱ्यांचे कागद सुदैवाने वाचले आहेत, तेही मूळचे, घराघरांत भरलेले. १९०१ साली ही बाई विधवा, वय ६०. १९११ साली तीच बाई, तेच घर, वय ७८! दहा वर्षांत अठरा वर्षांनी म्हातारी. ही एकटीच नव्हे, त्या वर्षी आयर्लंडभर म्हातारी माणसे अशीच झपाट्याने वाढली. १९०८ च्या कायद्याने सत्तरीच्या पुढच्या गरिबांना १९०९ च्या जानेवारीपासून पेन्शन सुरू झाले होते. वयाचा दाखला कोणाजवळच नव्हता, कारण सरकारी नोंदच १८६४ ची. मग पेन्शनच्या अधिकाऱ्यांपुढे लोक सांगत, ‘१८३९ सालचा तो मोठा वारा मला आठवतो.’ ६ जानेवारी १८३९ च्या रात्री तिथे भयंकर वादळ झाले होते. आपल्याकडे प्लेगच्या सालावरून वय सांगत, तसेच हे. दुसरे काही लोक १८४१ आणि १८५१ च्या खानेसुमारीत स्वतःचे नाव शोधून देण्याचा अर्ज करीत. कारकून दप्तरखान्यात जाऊन कुटुंबाची नोंद उतरवून आणी. पुढे मूळ कागद जळाले. पेन्शनसाठी उतरवलेली ती टिपणे मात्र राहिली. आज दुष्काळाआधीच्या कित्येक कुटुंबांचा एवढाच मागमूस आहे.

या म्हातारीने खरे वय सांगितले की वाढवून, ते सोडून देऊ. रकाने पुढे आहेत. लिहिता-वाचता येते का? येत नाही. भाषा? आयरिश आणि इंग्रजी. आणि मग १९११ साली मुद्दाम घातलेला रकाना : मुले किती जन्मली, त्यांतली हयात किती. हा प्रश्न नवरा असलेल्या बायकांसाठीच होता. विधवांनी उत्तर देण्याचे कारण नव्हते. तरी पुष्कळ विधवांनी दिले, आणि ते मागून खोडले गेले. या म्हातारीच्या उत्तरावरही एक आडवी रेघ आहे. रेघेखाली आकडे स्वच्छ दिसतात. जन्मलेली ९, हयात ४.

बाईंनी जाजमावर कागद ओळीने लावले. आठ बाप्तिस्मे. त्यांतल्या चार मुलांच्या मृत्यूच्या सरकारी नोंदी सापडल्या आहेत. दोन तर एकाच हिवाळ्यातल्या. एक मुलगा १९११ साली आईजवळच घरात आहे. एक मुलगी शेजारच्या गावी दिलेली. एक बोस्टनला, ती अमेरिकेच्या खानेसुमारीत सापडते. ही तीन हयात. आठवा तो सोजीर. नववे मूल कुठल्याच कागदात नाही. त्याचा बाप्तिस्माही नाही आणि मृत्यूही नाही.

“मग चौथं हयात कोण?” मी विचारले.

बाईंनी पिशवीतून शेवटचा कागद काढला. मुंबई इलाख्यातल्या पाद्र्यांनी नोंदलेले बाप्तिस्मे, लग्ने, दफने यांच्या नकला लंडनला धाडण्याची कंपनी सरकारापासूनची रीत होती. त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. हजारो आयरिश तरुण अशा पलटणींतून इकडे आले. पुण्याचे कॅथलिक कॅथीड्रल आयर्लंडच्या संत पॅट्रिकच्या नावाचे आहे, ते उगीच नव्हे. मुंबईत उभी राहिलेली एक गोरी पलटण तर १८८१ साली ‘रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स’मध्ये सामील झाली, आणि १९२२ साली, दप्तर जळाले त्याच वर्षी, मोडली गेली. त्या लंडनच्या नकलेत सोजिराच्या मुलीचा १८८६ चा बाप्तिस्मा होता. ती बाईंची आजी. आणि खाली १८८९ चे त्याचे दफन. वय ३१, कारण पटकी.

त्याची बायको इकडचीच, दुसऱ्या सोजिराची मुलगी. पलटणीच्या लेखी वारस तीच. तिने वर्षाच्या आत दुसरे लग्न केले आणि पुढे ऑस्ट्रेलिया गाठली. क्लेअरच्या वाडीत, जिला वाचता येत नव्हते त्या आईला, कोणी कळवले असेल का? कळवल्याचा कागद नाही. न कळवल्याचा कागद तर असणारच नाही.

“नववं मूल जगलं असेल,” मी म्हणालो. “कुठेतरी दूर गेलं असेल. बाप्तिस्मा लिहायचा राहिला असेल.”

“असेल,” बाई म्हणाल्या. “मीही तसंच लिहून ठेवलंय. दोन्ही लिहून ठेवलंय.”

मी थोडा वेळ गप्प बसलो. मग, का कोण जाणे, त्यांना २०११ ची गोष्ट सांगितली. त्या साली आपल्याकडची जनगणना झाली तेव्हा आम्हा शिक्षकांच्या नेमणुका झाल्या होत्या. आमच्या तक्त्यातही तोच प्रश्न होता : जन्मलेली मुले किती, हयात किती. आपल्याकडे तो विधवांनाही विचारायचा होता. नदीकाठच्या वस्तीत एक आजी उंबऱ्यात शेंगा सोलत बसल्या होत्या. बोटांवर मोजून म्हणाल्या, सहा झाली, पाच हायेत. सून आतून ओरडली, “आत्याबाई, चार. चारच सांगा.” थोरला मुलगा वीस वर्षांपूर्वी कामाला म्हणून सुरतेला गेला होता, तो परत आलाच नव्हता. आजींनी सुनेकडे पाहिले नाही. पुन्हा बोटे मोजली आणि म्हणाल्या, पाच.

आईने चकल्यांची बशी पुन्हा भरून आणली. बाईंनी ती हातात घेतली, पण खाल्ली नाही. म्हणाल्या, “मग तुम्ही काय लिहिलंत?”

“त्यांनी सांगितलं ते,” मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली आणि जाजमावरचे कागद एकेक उचलून पिशवीत भरू लागल्या.